चालत कोणी जायचं? चंद्रपूर, गडचिरोली आणि कॅन्सर

आपल्या भागात कॅन्सरचा विषय निघाला की बोलणं दोन वाक्यांत संपतं. पहिलं, "खर्रा खात होता ना, मग होणारच." दुसरं, "आता नागपूरला न्या, नाहीतर टाटाला." या दोन वाक्यांच्या मध्ये खूप काही असायला पाहिजे. गावातली तपासणी, वेळेवर निदान, कोणीतरी घरी येऊन केलेली विचारपूस. ते आपल्या बोलण्यातही नाही आणि यंत्रणेतही फारसं नाही.

आज त्या मधल्या जागेबद्दल लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्या ज्या आजारात औषधवाला चालत गावापर्यंत आला, त्या आजारात आपल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांनी देशाला वाट दाखवली. कॅन्सरमध्ये मात्र सुरुवातीपासून पेशंटनंच चालत जायचं असा कारभार आहे. आणि पेशंट पोचतो तेव्हा आजार त्याच्या पुढे गेलेला असतो.

इतिहासापासून सुरुवात करू, कारण हे काही काल-परवा झालेलं नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. कॅन्सरनं गेले. चिमूर, गोंदेडा या भागाशी त्यांचं नातं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. ४२ च्या चिमूरच्या लढ्यानंतर त्यांना अटकही झाली होती. ग्रामगीतेत ग्राम-आरोग्यावर स्वतंत्र अध्याय आहे, म्हणजे गावानं निरोगी कसं राहावं याचा विचार या माणसानं आयुष्यभर केला. पुढे नागपुरात कॅन्सरचं मोठं रुग्णालय झालं त्याला त्यांचंच नाव दिलं गेलं. आपल्याकडच्या किती घरांनी त्या रुग्णालयाच्या पायऱ्या चढल्या असतील त्याची मोजदाद नाही. पण नाव गावाचा विचार करणाऱ्या संताचं आणि दवाखाना मात्र शहरात, यात कुणाचा दोष नाही. त्या काळात कॅन्सरचा विचारच तसा होत होता.

देशात कॅन्सरचं पहिलं मोठं नाव म्हणजे मुंबईतलं टाटा मेमोरियल, परळला २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. मेहेरबाई टाटा १९३२ साली रक्ताच्या कॅन्सरनं वारल्या, त्यांच्यावर विलायतेत उपचार चालले होते. तसे उपचार इथे मिळावेत या इच्छेतून ते रुग्णालय उभं राहिलं. पुढे ते सरकारकडे गेलं आणि १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं, पण त्यामागे कारण होतं. कॅन्सरचा उपचार म्हणजे किरणोत्सर्ग, मशीन, अवघड शस्त्रक्रिया, असं समीकरण तेव्हा पक्कं झालं. १९७५-७६ ला राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम आला, त्यातही सुरुवातीचा भर मोठ्या केंद्रांवर आणि कोबाल्ट मशीनवर होता. १९८४ ला धोरण बदललं, लवकर निदान आणि प्रतिबंध हे शब्द आले. १९९०-९१ ला जिल्हा पातळीवरचे प्रकल्प आले. कागदावर सगळं बरोबर होतं.

आता आपला नकाशा समोर ठेवा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, बहुतेक जंगल. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. रेल्वे स्टेशन म्हणावं असं एकच, वडसा. सिरोंच्याहून जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या वर आणि तिथून नागपूर आणखी पावणेदोनशे. म्हणून सिरोंच्याचा माणूस गोदावरी ओलांडून तेलंगणाकडे जातो, तिथे त्याला भाषेचीही अडचण नसते. भामरागडचा माणूस पावसाळ्यात पर्लकोटा उतरायची वाट बघतो. तोंडातला फोड काही नदी उतरायची वाट बघत नाही.

आता दुसरा इतिहास सांगतो. तो माझ्या आवडीचा आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत कुष्ठरोग हा आपल्या पट्ट्यातला सगळ्यात लाजेचा आजार होता. १९४९ साली बाबा आमटेंनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली, पुढे आनंदवन उभं राहिलं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच काळात शेजारी वर्ध्याला १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झालं. तिथे डॉ. वारदेकरांनी एक पद्धत बसवली. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. ऐकायला साधं वाटतं. पण अर्थ असा की कुष्ठरोग्यानं दवाखान्यात यायचं नाही, आपण गावात जायचं, प्रत्येक घरातल्या प्रत्येक माणसाच्या अंगावरचे चट्टे बघायचे, सापडला की तिथेच औषध सुरू करायचं. ही पद्धत पुढे देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाचा पाया झाली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बहुविध औषधोपचार आला तेव्हा तो देशात सगळ्यात आधी ज्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यात वर्धा होता. माझ्या वयाच्या लोकांना तो सायकलवरचा कुष्ठरोग तंत्रज्ञ आठवत असेल. शाळेत येऊन पोरांचे शर्ट काढायला लावायचा.

पुढचा भागही महत्त्वाचा आहे. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. निर्मूलन झालं असं जाहीर झालं आणि घरोघरचं शोधणं ढिलं पडलं. मग काय झालं? लपलेले रुग्ण उशिरा, हातापायांत व्यंग आल्यावर पुढे येऊ लागले. शेवटी २०१६ पासून पुन्हा घरोघरी शोधमोहीम सुरू करावी लागली. चंद्रपूर आणि गडचिरोलीत आजही नवे कुष्ठरुग्ण सापडतात. शोधायला गेलं की सापडतात, नाही गेलं की "आजार संपला" अशी फाइल तयार होते.

दुसरी गोष्ट तर गडचिरोलीच्या अभिमानाची. १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' सुरू केली. १९९० च्या दशकात त्यांनी ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच बाईला शिकवून आरोग्यदूत केलं, तिनं घरी जाऊन नवजात बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा, गरज पडली तर इंजेक्शनही द्यायचं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. पुढे हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर गेली. तेव्हा मोठे डॉक्टर म्हणत होते की बाळ वाचवायला अतिदक्षता विभाग लागतो. गडचिरोलीनं दाखवलं की आधी बाळापर्यंत जाणारी बाई लागते.

आणि त्याआधीची गोष्ट, जी कॅन्सरला जास्त जवळची आहे. १९८९ साली डॉ. राणी बंग यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. वसा आणि अमिर्झा, आपल्या गडचिरोलीतली दोन गावं. ६५० बायकांची तपासणी झाली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा जननमार्गाचा कुठला ना कुठला आजार निघाला. त्याआधी आयुष्यात कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. जगभर हा अभ्यास गाजला, कारण तोपर्यंत खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच समजलं जात होतं. अंगावरून पांढरं जाणं, मधेच लाल जाणं, संबंधानंतर रक्त येणं, या गोष्टी बाई कुणाला सांगत नाही. आणि गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर नेमका याच न सांगितलेल्या गोष्टींतून बोलत असतो.

वसा आणि अमिर्झाच्या त्या आकड्यांनंतर सरकारनं काय करायला हवं होतं ते मराठवाड्याकडे बघितलं की समजतं. थोडं तपशिलात सांगतो, कारण ही गोष्ट मराठी माणसालाच माहीत नाही.

सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी. तिथे नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे. १९८७ साली तिथे आपल्या देशातली ग्रामीण भागासाठीची कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या खेड्यांत नोंदणीचे कर्मचारी जायचे. नुसती नोंद घेऊन परत येणं कसं जमणार? ते बोलायचे, लक्षणं सांगायचे, संशय आला तर दवाखान्यात यायला लावायचे. काही वर्षांतच दिसलं की बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या आहेत. नवं औषध नव्हतं, नवं मशीन नव्हतं. माणसं जात होती, एवढाच फरक.

मग १९९९ पासून टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट करून त्यांचे चार भाग केले. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघायचं, चौथ्यात नेहमीचं जे आहे तेच. आयुष्यात एकदाच तपासणी. ज्यांच्यात काही निघालं त्यांच्यावर उपचार.

२००९ साली निकाल आला. एचपीव्ही तपासणी झालेल्या भागात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या. नेहमीचीच सेवा असलेल्या भागात ६४. दोन्ही भाग जवळपास सारख्या आकाराचे होते, म्हणजे मृत्यू साधारण निम्म्यावर आले. धाराशिवच्या शेतमजूर बायकांनी जगाला हे उत्तर दिलं. पुढे जगभरात एचपीव्ही तपासणीची जी शिफारस झाली तिच्यामागच्या पुराव्यात हा अभ्यास आहे.

याच सुमारास मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दुसरा अभ्यास चालू होता. तिथे दहावी शिकलेल्या आरोग्य कार्यकर्त्या बायकांना व्हिनेगरची तपासणी शिकवली, दर दोन वर्षांनी एकदा, चार फेऱ्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. धाराशिवमध्ये व्हिनेगरच्या एकाच फेरीनं मृत्यूंमध्ये खात्रीलायक फरक दिसला नव्हता. म्हणजे स्वस्त पद्धत चालते, पण पुन्हा पुन्हा जावं लागतं. शिबिर घेतलं, फोटो काढला, बातमी दिली, यानं काही होत नाही हे या दोन अभ्यासांतून मला कळलेलं सगळ्यात उपयोगाचं सत्य आहे.

या अभ्यासांवर टीकाही झाली आणि ती रास्त होती. ज्या बायकांना तुलनेसाठी तपासणीशिवाय ठेवलं त्यांचं काय? त्या ६४ मधल्या किती वाचल्या असत्या? प्रश्न टोचणारा आहे. पण मग आजचा आकडा बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या बायका देशात १.९ टक्के. तोंडाची तपासणी झालेल्या बायका ०.९ टक्के, पुरुष १.२ टक्के. उत्तर मिळून दहा वर्षं झाल्यावर देशातल्या ९८ टक्के बायका अजून त्या चौथ्या भागातच आहेत. त्यांच्यासाठी नैतिकतेची चर्चा कोणी करत नाही.

आता तोंडाच्या कॅन्सरवर येऊ. आपला खरा प्रश्न तोच आहे.

खर्रा काय असतो ते पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत टाकून घोटायचं, पुडी बांधायची. पानठेल्यावर सकाळी सातला ओळ लागते. पुरुष, बाया, शाळेतली पोरं. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी आली, २०१३ साली सुगंधित तंबाखू आणि सुपारीवरही बंदी आली. पानठेल्यावर त्याचा काय परिणाम झाला ते तुम्हीच बघताय. नुसती तंबाखू एक वेळ बरी म्हणावी असं नाही, पण सुपारीमुळे आणखी एक गोष्ट होते. गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, तिखट सोसत नाही, तोंड उघडणं कमी होतं. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. त्यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. म्हणजे हा कॅन्सर न सांगता येत नाही, वर्षानुवर्षं आधी दार वाजवत असतो.

आणि तो दिसतो. पोटातला, फुप्फुसातला कॅन्सर बघायला मशीन लागतं. तोंडातला बघायला टॉर्च लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासून १९७२ साली अभ्यास छापला होता. बघा, ७२ साली! पुढे केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून १३ पंचायतींमध्ये अभ्यास झाला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन ३५ च्या वरच्या लोकांची तोंडं बघितली. तीन फेऱ्या. २००५ साली निकाल आला: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. टॉर्च आणि पायपीट, एवढ्या भांडवलावर.

इथे एक गोष्ट मधेच. आपल्या ग्रामसभांना तेंदूपत्त्यातून पैसा मिळतो, मेंढा-लेखापासून सुरू झालेल्या वनहक्कांच्या लढ्यानंतर तर तो हक्काचा झाला. उन्हाळ्यात पंधरा दिवसांत घराला जो रोख पैसा दिसतो तो त्याचाच. त्या पानाची बिडी होते हे आपल्याला माहीत आहे. मी त्यावर कुणाला उपदेश करणार नाही, ज्याच्या घरात वर्षभराचं मीठमिरची त्या पैशातून येतं त्याला उपदेश करायचा अधिकार मला नाही. पण जो जंगल जिल्हा देशाला बिडीचं पान पुरवतो, त्या जिल्ह्याला तोंड तपासणारा माणूस तरी मिळावा की नाही?

"अहो, हे सगळं पैशाचं काम आहे. इंग्लंड-अमेरिकेत उपचार चांगले म्हणून लोक जगतात." असं मला नेहमी ऐकायला मिळतं. अर्धं खरं आहे. २०१८ साली जगभरातल्या कॅन्सर नोंदणींची तुलना छापली गेली. स्तनाच्या कॅन्सरनंतर पाच वर्षं जगणाऱ्या बायका अमेरिकेत सुमारे ९० टक्के, भारतात ६६ टक्के. तोही भारताचा आकडा मोजक्या नोंदणी केंद्रांचा. २०२० च्या राष्ट्रीय अहवालात विदर्भातून नागपूर आणि वर्ध्याचे आकडे आहेत, आपले दोन्ही जिल्हे नाहीत. आपण त्या ६६ मध्येही मोजले गेलेलो नाही.

पण इंग्लंडची गोष्ट पैशापेक्षा वेगळं काही सांगते. तिथे ५ जुलै १९४८ पासून सरकारी आरोग्य सेवा सगळ्यांना मोफत आहे. गर्भाशयमुखाची तपासणी १९६० च्या दशकात सुरू झाली. मोफत होती, जवळ होती, डॉक्टर होते. तरीही वीसेक वर्षं मृत्यूंत म्हणावी तशी घट नव्हती. कारण जी बाई स्वतःहून आली तिचीच तपासणी व्हायची, आणि ज्यांना धोका जास्त त्या यायच्याच नाहीत. १९८८ ला एक बदल केला. यादी तयार करून प्रत्येक बाईला नावानं पत्र पाठवायला सुरुवात केली, आली नाही तर पुन्हा पत्र. १९८८ ला ४२ टक्के बायकांची तपासणी होत होती, १९९४ ला ८५ टक्के. त्यानंतर मृत्यू झपाट्यानं उतरले. तपासणी तीच, काच तीच, नर्स तीच. बदलली ती बोलावण्याची पद्धत. आणि बाकीच्या कॅन्सरमध्ये हेच इंग्लंड १९९० च्या दशकात युरोपातल्या शेजाऱ्यांच्या मागे आहे असं दिसलं, तेव्हा तिथे गदारोळ झाला, २००० साली सरकारला वेगळी कॅन्सर योजना आणावी लागली. उपचार फुकट असूनही निदान उशिरा होत होतं. फुकट दवाखाना असणं आणि माणूस वेळेत तिथे पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडेही नेमकं तेच चाललंय.

२ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. पुढे ती राज्यभर गेली, २०१७ ला महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना झाली, २०१८ ला आयुष्मान भारत आली, आता मर्यादा पाच लाखांची आहे. कॅन्सरची शस्त्रक्रिया, किमो, शेक सगळं त्यात बसतं. या योजनेला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. त्याआधी शेत विकून उपचार करणारे आणि शेत नाही म्हणून न करणारे, दोन्ही मी बघितले आहेत. पण कार्ड चालतं ते दवाखान्याच्या खिडकीवर. आणि खिडकीपर्यंत पोचायला तोंडात फोड आल्यापासून किती महिने जातात? आधी गावातला वैदू, मग मेडिकलवाल्याची गोळी, मग दाताच्या डॉक्टरकडे, मग "नागपूरला जा".

शेक म्हणजे रेडिएशन काय असतं ते ज्यानं बघितलं नाही त्यानं समजून घ्यावं. तोंडाच्या कॅन्सरला साधारण ३० ते ३३ वेळा शेक द्यावा लागतो, आठवड्यात पाच दिवस. म्हणजे सहा-साडेसहा आठवडे. एकेका वेळेला मशीनखाली काही मिनिटं लागतात. त्या काही मिनिटांसाठी एटापल्लीच्या माणसाला दीड महिना शहरात राहावं लागतं, सोबत एक माणूस. रोवणीच्या दिवसांत दोन माणसं घराबाहेर म्हणजे बांधी पडीक. खोलीचं भाडं, सोबतच्याचं जेवण, बुडालेली मजुरी कार्डात नाही. मी आमच्या ओळखीतल्या एकाबरोबर गेलो होतो. एका मोठ्या दवाखान्यात अकराव्या शेकानंतर मशीन बंद पडलं, पंधरा दिवसांनी या म्हणाले. तो गावाला आला तो परत गेलाच नाही. "तोंड जरा बरं वाटते" म्हणाला. धान कापून झाल्यावर जाऊ म्हणाला. शेक मधेच थांबला तर पेशी पुन्हा वाढतात, ही गोष्ट त्याला सांगायला त्या पंधरा दिवसांत कोणी घरी आलं नाही. कागदावर तो "लाभार्थी" आहे.

मुंबईला जाणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. टाटाच्या पेशंटना तिनं जे दिलंय ते कुठल्याच योजनेत लिहिलेलं नाही. आरोग्य व्यवस्था म्हणताना आपण ही धर्मशाळा धरत नाही. धरायला पाहिजे.

आता चांगलं सांगतो. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीला २०२४ पासून. चंद्रपुरात राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान यांच्या भागीदारीतून स्वतंत्र कॅन्सर रुग्णालय उभं राहिलंय. खनिज प्रतिष्ठानचा पैसा म्हणजे कोळसा खाणींकडून खाणबाधितांसाठी येणारा पैसा. ज्यांनी इतकी वर्षं धूळ खाल्ली त्यांच्या नावचा पैसा दवाखान्यात लागला, याचा मला आनंद आहे. आसाममध्ये टाटा ट्रस्ट आणि तिथल्या सरकारनं असंच जिल्ह्याजिल्ह्यांत कॅन्सर केंद्रांचं जाळं उभं केलंय, २०२२ ला त्यातली सात रुग्णालयं सुरू झाली. नागपूरची पायपीट कमी झाली तर मधेच उपचार सोडणारे कमी होतील, यात शंका नाही.

पण चंद्रपूरचा दवाखाना मुलचेराच्या माणसासाठी अजूनही दूरच आहे. आणि तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातले पेशंट जवळच्या दवाखान्यात नेले तरी ते तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातलेच असतात.

गावपातळीवर यंत्रणा नाहीच असंही नाही. २०१६ साली केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या, तीसच्या वरच्या प्रत्येकाची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी करायची. आशाताई घरोघरी जाऊन सीबॅक नावाचा फॉर्म भरते. त्यात तंबाखू खाता का, तोंडात न भरणारी जखम आहे का, तोंड उघडायला त्रास होतो का, असे प्रश्न आहेत. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे, त्यानं तोंड बघायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हिनेगरची तपासणी करायची. म्हणजे धाराशिव, मुंबई आणि केरळ या तिन्ही ठिकाणचं शहाणपण आपल्या सरकारी कागदात आलेलं आहे. फॉर्म भरला जातो. आशाताईला मी दोष देत नाही, तिच्या डोक्यावर किती कामं आहेत आणि मानधन किती याची वेगळी पोस्ट होईल. पण फॉर्म भरल्यावर ज्याच्या उत्तरात "जखम आहे, हो" आलं त्याचं पुढे काय झालं, हे विचारणारा कोणी नाही. बार्शीचे नोंदणीवाले विचारायचे. वर्ध्याचा सायकलवरचा माणूस विचारायचा. शोधग्रामची आरोग्यदूत दुसऱ्या दिवशी बाळ बघायला पुन्हा यायची.

म्हणून येत्या ग्रामसभेत किंवा रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत तीन आकडे मागा. आपल्या उपकेंद्राच्या हद्दीत तीसच्या वरचे लोक किती, त्यातल्या किती जणांचं तोंड टॉर्च लावून प्रत्यक्ष बघितलं, आणि संशयित निघालेल्यांपैकी किती जणांची मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली. तिसरा आकडा बहुतेक ठिकाणी मिळणार नाही. लेखी मागा.

आणि तोवर एक गोष्ट आज रात्री घरी करून बघा. तोंड पूर्ण उघडून तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील, किंवा गालात, जिभेच्या कडेला दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तर मेडिकलवाल्याकडे जाऊ नका, सरळ सरकारी दवाखान्यात दंत विभागात जा. तुमच्या गावात मागच्या वर्षभरात खरोखर तोंडाची किंवा बायकांची तपासणी झाली असेल तर खाली गावाचं आणि उपकेंद्राचं नाव लिहा, महिना आठवत असेल तर तोही. पेशंटचं नाव लिहू नका. तालुक्याप्रमाणे यादी करतोय, दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना देणार आहे.